वयस्क पोनी विकत घेताना: चिप आणि ओळख तपासणी सेवेचे परीक्षण

लेकीसाठी पोनी घ्यायची ठरल्यावर मला दोन सल्ले बहुतेक सगळ्यांकडून मिळाले. पोनी वयाने मोठी आणि अनेक मुलांना पाठीवर वागवलेली असावी, हा पहिला. आणि पैसे देण्यापूर्वी तिची ओळख तपासून घ्यावी, हा दुसरा. पहिला सल्ला पाळणे सोपे होते. दुसऱ्याचा नेमका अर्थ काय, हे मात्र मला प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंत नीट कळले नव्हते. घोड्याच्या मानेत बसवलेल्या चिपेचा क्रमांक वाचणारे वाचकयंत्र मानेवरून फिरवायचे, बारीक आवाज झाला की पडद्यावर उमटलेला आकडा पासपोर्टातील, म्हणजे जनावराच्या ओळखपुस्तिकेतील, आकड्याशी ताडून पाहायचा आणि विषय संपला, अशीच माझी समजूत होती. घोड्यांच्या एका दवाखान्याची ही सेवा मी घेतली; तिच्यातले जे फार आवडले आणि जे मुळीच पटले नाही, ते दोन्ही येथे लिहिते. दवाखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यातल्या बऱ्यावाईटाचा मोठा भाग त्या दिवशी आलेल्या दोन माणसांच्या हातावर अवलंबून होता, आणि अशी सेवा देणारे दवाखाने सगळीकडे साधारण एकाच पद्धतीने काम करतात.

पोनीची माहिती विक्रेत्या बाईंनी अशी दिली होती: घोडी, रंग सब्जा (राखाडी), वय 14 वर्षे, उंची 128 सेंटिमीटर, स्वभाव गरीब, चिप बसवलेली, पासपोर्ट हाताशी. बाईंचा हेतू वाईट होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्यांनी ती घोडी तीन वर्षांपूर्वी घेतली होती आणि त्यांना जे सांगण्यात आले तेच त्यांनी मला सांगितले. वयस्क जनावरांच्या बाबतीत खोटे बोलणारा माणूस क्वचित भेटतो. एकाने अंदाजाने सांगितलेले दुसऱ्याने खात्रीने सांगणे, हा प्रकार जास्त आढळतो.

खरेदीपूर्व आरोग्य तपासणीत ओळख पटवणे हा सुरुवातीचाच भाग असतो, परंतु मी घेतलेली सेवा त्यापासून स्वतंत्र होती. चिप वाचणे, पासपोर्टातील आकृती जनावराच्या शरीराशी ताडून पाहणे, दातांवरून वयाचा अंदाज घेणे, नोंदणीच्या माहितीसाठ्यात क्रमांकाची चौकशी करणे आणि या सगळ्याचा लेखी अहवाल देणे, एवढे काम त्यात होते. सुमारे तासाभराच्या भेटीसाठी एक पशुवैद्य आणि त्यांचा तरुण सहायक असे दोघे आले. त्यांच्या कामातील सगळ्यांत कच्चा भाग आणि सगळ्यांत पक्का भाग, हे दोन्ही मला पहिल्या वीस मिनिटांतच दिसले.

वाचकयंत्र घेऊन पुढे झाला तो सहायक. घोडीच्या तोंडाला पितळी बकलांची चामडी म्होरकी होती, सहायकाच्या डाव्या हातात सुरू असलेला टॅब्लेट होता, आणि त्याने यंत्र मानेच्या डाव्या बाजूने कानामागून खांद्यापर्यंत एकदाच, रंगाचा ब्रश फिरवावा तशा वेगाने फिरवले. आवाज झाला नाही. त्याने उजव्या बाजूने तसेच केले आणि टॅब्लेटवर ‘चिप आढळली नाही’ या रकान्यात खूण करायला घेतली. पासपोर्टात चिपचा क्रमांक छापलेली चिकटपट्टी मी स्वतः पाहिली होती, म्हणून मी हरकत घेतली. त्या वेळी माझ्या जागी विषयाची काहीच माहिती नसलेला ग्राहक असता तर काय झाले असते, हा विचार मला अजून छळतो: बाईंवर उगाच संशय आला असता, सौदा मोडला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे घोडीच्या मानेत दुसरी चिप बसवण्याचा सल्ला मिळाला असता. एका जनावराच्या शरीरात दोन चिपा आणि कागदावर एकच क्रमांक असला की पुढच्या प्रत्येक मालकाच्या माथी गोंधळ लिहिलेला असतो.

डॉक्टरांनी सहायकाला न रागावता बाजूला घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. म्होरकी काढून साधा दोर बांधला, कारण बकलांचा धातू आणि चालू विद्युत उपकरणे वाचकयंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात अडथळा आणतात. टॅब्लेट कुंपणापलीकडे ठेवायला लावला. यंत्राची बॅटरी पाहिली, कारण ती उतरली की यंत्र चालू दिसते खरे, पण त्याची पोच कमी होते. मग दाट आयाळ हाताने उचलून धरून यंत्र केसांना जवळजवळ टेकवले आणि कानांमागचा माथा ते खांद्याचा उंचवटा यांच्या मधल्या पट्ट्यात ते सावकाश, वरून खाली, मग थोडे तिरके करून पुन्हा वरून खाली असे फिरवत राहिले. यंत्र तिरके का करायचे, हे त्यांनी न विचारता सांगितले: काचेच्या नळीतील तारेचे वेटोळे यंत्राच्या वेटोळ्याच्या संदर्भात आडवे पडले असेल तर उत्तर येत नाही, कोन बदलला की तीच चिप लगेच बोलते. तिसऱ्या फेरीत, मानेच्या साधारण मध्यावर, आयाळीच्या रेषेपासून चार बोटे खाली आवाज झाला. घोडीने कान सुद्धा हलवला नाही.

ही चिप म्हणजे सुमारे 12 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाडीची काचेची बंद नळी असते. तिच्यात बॅटरी नसते. यंत्र जवळ आले की त्याच्याच ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प होते. त्यामुळे ती जनावराचा ठावठिकाणा सांगत नाही, हे पोनी हरवल्यावर कळण्यापेक्षा घेताना कळलेले बरे. घोड्यांमध्ये ती बहुतेक देशांत मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखालून जाणाऱ्या जाड स्नायुबंधात बसवतात. तेथे ती सहसा जागची हलत नाही. परंतु सुई नेमक्या जागी गेली नसेल आणि चिप शेजारच्या स्नायूत राहिली असेल, तर ती थोडी खाली सरकलेली सापडू शकते. म्हणूनच डावी मान कोरी निघाली तरी उजवी मान, दोन्ही खांदे आणि छाती पाहिल्याशिवाय ‘चिप नाही’ असे लिहू नये, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. त्यांच्याच दवाखान्याच्या छापील नमुन्यात मात्र त्यासाठी रकानाच नव्हता. तो असता तर सहायकाचा हात आपोआप थांबला असता.

यंत्रावर 15 अंक उमटले. आयएसओ 11784 आणि 11785 या मानकांप्रमाणे बनवलेली चिप 134.2 किलोहर्ट्झ या वारंवारतेवर बोलते आणि तिचा क्रमांक 15 अंकी असतो. पहिले तीन अंक देशाचे (जर्मनीचे 276, ब्रिटनचे 826, भारताचे 356) किंवा 900 पासून पुढे असतील तर चिप बनवणाऱ्या कंपनीचे. आमच्या घोडीचा क्रमांक 9 ने सुरू होत होता, म्हणजे ती कोणत्या देशात जन्मली हे त्यावरून सांगता येत नव्हते. येथे मला एक गोष्ट आवडली. डॉक्टरांनी पडद्यावरील आकडा मोठ्याने वाचला नाही. त्यांनी यंत्र माझ्या हातात दिले, पासपोर्ट बाईंच्या हातात दिला, आणि आम्हा दोघींना तीन-तीन अंकांचे गट करून आळीपाळीने वाचायला लावले. पंधराच्या पंधरा अंक जुळले.

माझ्याकडे कुत्र्यासाठी घेतलेले एक छोटे, मुठीत मावणारे वाचकयंत्र होते, तेही मी बरोबर नेले होते. त्याच्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण अनेक जण असे स्वस्त यंत्र घेऊन स्वतःच तपासणी करावी की काय, असा विचार करतात. डॉक्टरांनी जागा दाखवून दिल्यावर माझ्या यंत्रानेही तोच क्रमांक वाचला, पण ते केसांवर दाबून धरावे लागले. जागा माहीत नसताना सबंध मान त्याने शोधणे म्हणजे अंधारात सुई चाचपण्यासारखे आहे. शिवाय ते फक्त आयएसओ पद्धतीच्या चिपा वाचते. जुन्या जनावरांत 125 किलोहर्ट्झवर चालणाऱ्या, नऊ किंवा दहा खुणांचा क्रमांक असलेल्या चिपाही सापडतात, आणि त्या माझ्या यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत. डॉक्टरांचे यंत्र दोन्ही वाचत होते, आणि पहिली चिप सापडल्यावरही त्यांनी उरलेली मान जुन्या पद्धतीच्या चिपेसाठी पुन्हा तपासली. आस्थेचे हे काम अहवालात एका ओळीनेही दिसत नाही. घरच्या यंत्राला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार द्यावा, ‘नाही’ म्हणण्याचा देऊ नये, एवढाच त्याचा उपयोग.

क्रमांक जुळल्यावर माझ्या मनाने सौदा झाला होता. डॉक्टरांनी मात्र पासपोर्ट बंद न करता मागची पाने उलटायला घेतली आणि पासपोर्ट दिल्याच्या तारखेवर बोट ठेवले. तो पाच वर्षांपूर्वीचा होता. चिपही त्याच सुमारास बसवलेली. म्हणजे बाईंच्या म्हणण्याप्रमाणे घोडी 14 वर्षांची धरली तरी तिला चिप आणि कागद मिळाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तिच्या जन्माचे वर्ष त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या माणसाने तोंडी सांगितलेले होते. वयस्क पोनीच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे हेच आहे: तिची चिप बहुधा तिच्यापेक्षा वयाने लहान असते. चिप बसवल्या दिवसापासून हे जनावर तेच आहे, एवढी ग्वाही ती देते; त्याआधीच्या वर्षांबद्दल ती काहीच जाणत नाही.

याला कारण कायद्यांचा इतिहास आहे. युरोपीय संघात 1 जुलै 2009 पासून नव्याने ओळखपत्र मिळवणाऱ्या घोड्यांना चिप सक्तीची झाली. त्याआधी कागद झालेली जनावरे त्यातून सुटली. घोड्याचे मांस गोमांस म्हणून विकले गेल्याचे प्रकरण 2013 मध्ये उघडकीस आल्यावर नियम आणखी कडक झाले. इंग्लंडमध्ये जुन्या घोड्यांनाही चिप बसवणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक झाले, तेव्हा पंधरा, वीस, पंचवीस वर्षांच्या असंख्य पोनींच्या मानेत एकदम नव्या कोऱ्या चिपा गेल्या. शर्यतीच्या घोड्यांची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये थरोब्रेड शिंगरांना 1999 पासून चिप बसवली जाते, आणि अमेरिकेत थरोब्रेड घोड्यांची नोंद ठेवणाऱ्या जॉकी क्लबने 2017 पासून जन्मलेल्या शिंगरांसाठी ती आवश्यक केली. तोवर तेथे ओठाच्या आतल्या बाजूला गोंदलेल्या क्रमांकावर काम चालत असे. जन्मानंतर काही महिन्यांत चिप बसलेल्या अशा घोड्याच्या वयावर विश्वास ठेवता येतो. मुलांना फिरवून आणणाऱ्या, कुळाचा पत्ता नसलेल्या पोनीच्या वयावर तसा ठेवता येत नाही.

यानंतर तासाभरातील सगळ्यांत मोलाचा भाग सुरू झाला, आणि त्यात वाचकयंत्राचा काहीच संबंध नव्हता. पासपोर्टात घोड्याची डावी, उजवी बाजू, डोके, मान आणि पाय यांची रेखाकृती असते. पांढऱ्या खुणा लाल शाईने दाखवतात, आणि केसांचे भोवरे काळ्या शाईच्या फुलीने. आमच्या कागदावर कपाळावर एकाखाली एक असे दोन भोवरे, मानेच्या उजव्या बाजूला एक, मागच्या डाव्या पायावर खुरापासून घोट्यापर्यंत पांढरा पट्टा आणि नाकपुड्यांमध्ये एक पांढरा ठिपका नोंदवला होता. रंग ‘सब्जा’ लिहिला होता, पण समोर उभी असलेली घोडी पार पांढरी होती. यात घोटाळा काहीच नाही. सब्जा घोडा जन्मतो कुमैत (तपकिरी, आयाळ-शेपूट काळी), सुरंग (तांबूस) नाहीतर मुश्की (काळा), आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. ज्यांना हे माहीत नसते ते काळ्या शिंगराचा जुना कागद आणि पांढरा घोडा पाहून घाबरतात. त्याच्या उलटही होते: सब्जा घोडा पांढरा झाला की त्याच्या जन्मजात पांढऱ्या खुणा त्या पांढऱ्यात हरवतात, आणि मग कोणतीही पांढरी घोडी कोणत्याही पांढऱ्या घोडीच्या कागदावर खपून जाऊ शकते.

डॉक्टरांनी बादलीभर पाणी मागितले. मागचा डावा पाय घोट्यापासून खाली चांगला भिजवला, हाताने केस सपाट केले आणि मला वाकून पाहायला सांगितले. ओल्या केसांखालची कातडी घोट्याच्या वर राखाडी दिसत होती आणि एका वाकड्यातिकड्या रेषेखाली एकदम गुलाबी झाली होती. जन्मजात पांढऱ्या खुणेखालची कातडी गुलाबी असते, वयाने पांढऱ्या झालेल्या केसांखालची काळपट, आणि पाण्याने केस कातडीला चिकटले की हा फरक कोरीव रेषेसारखा उमटतो. ती रेषा कागदावरील लाल रेषेशी जुळत होती, बाहेरच्या बाजूचा तिचा एक दाता सुद्धा. कपाळावरचे भोवरे बोटाने चाचपून पाहिले, ते दोन्ही जागच्या जागी होते. नाकावरचा ठिपका उघडच दिसत होता. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला गुडघ्यांच्या वर जे कडक गठ्ठे असतात त्यांचेही फोटो त्यांनी काढले, कारण त्यांचा आकार प्रत्येक घोड्यात वेगळा असतो आणि खुणा कमी असलेल्या घोड्याच्या ओळखीला त्यांचा आधार घेता येतो. घोडीची ओळख माझ्या मते चिपेपेक्षा या ओल्या पायाने जास्त पटली. चिप आणि कागद हे दोघे एकमेकांची साक्ष देतात; कागद आणि कातडी यांचा मेळ बसल्याशिवाय ती साक्ष घोडीपर्यंत पोचत नाही.

राहता राहिले वय. धर्माची गाय आणि दात का नाय, असे आपण म्हणतो. ही काही धर्माची नव्हती, तेव्हा दात मोजायला हरकत नव्हती. डॉक्टरांनी जीभ बाजूला धरून समोरचे पटाशीचे दात दाखवले. घोड्याचे दुधाचे दात पडून पटाशीचे कायमचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास येतात, त्यामुळे पाच वर्षांपर्यंतचे वय दात चांगले सांगतात. त्यापुढे झिजेवरून अंदाज करावा लागतो, आणि तो वयाबरोबर ढिला होत जातो. वरच्या जबड्यातील कडेच्या पटाशीच्या दातावर एक उभी तपकिरी खाच असते; एकोणिसाव्या शतकात घोडे माणसाळवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सिडनी गॅल्व्हेन यांच्या नावाने ती ओळखली जाते. ढोबळ नियम असा की ती दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोचते, आणि नंतर वरून पुसली जाऊ लागते. आमच्या घोडीची खाच दोन्ही बाजूंना टोकापर्यंत पोचलेली होती. दातही बाजूने पाहता उभे न राहता पुढे झुकले होते. शेपूट उचलून पाहिल्यावर तेथे वाटाण्याएवढ्या दोन काळ्या गाठी होत्या. अशा गाठी सब्जा घोड्यांत उतारवयात नेहमी आढळतात. त्यांचा विचार आरोग्य तपासणीत व्हायचा होता, पण वयाच्या बाजूने त्यांनीही आपले मत नोंदवले, असे म्हणायला हरकत नाही.

‘चौदा नाही,’ डॉक्टर म्हणाले, ‘अठरा ते बावीस. याहून नेमके मी सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका.’ बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ती अकरा वर्षांची म्हणून पैसे मोजले असावेत.

नोंदणीची चौकशी हा सेवेचा शेवटचा भाग. क्रमांक चोरीच्या किंवा हरवलेल्या जनावरांच्या नोंदीत नव्हता, ही चांगली बातमी. परंतु नोंदीत मालक म्हणून बाईंचे नाव नव्हते, त्यांच्या आधीच्या माणसाचे होते. पासपोर्ट म्हणजे जनावराचे ओळखपत्र. मालकीचा दाखला म्हणून तो चालत नाही, आणि हे वाक्य पुष्कळ पासपोर्टांवर छापलेलेही असते. नाव बदलण्याचे काम बाईंकडून राहून गेले होते, आणि त्यांच्याकडे खरेदीची पावती होती, त्यामुळे हा गुंता पंधरा दिवसांत सुटला. पावती नसती तर मी पुढे गेले नसते. येथे दवाखान्याने फक्त ‘नोंदणीकृत मालक वेगळा’ एवढेच कळवले; पुढे काय करावे, कोणाकडे कोणता कागद मागावा, याबद्दल एक शब्दही नव्हता. एवढी फी घेतल्यावर अर्धे पान मार्गदर्शन मिळायला हवे होते. पासपोर्टातील 15 खुणांच्या आजीवन क्रमांकाचा अर्थही मला दुसरीकडून शोधावा लागला. त्या क्रमांकाचे पहिले सहा अंक जनावराची प्रथम नोंद करणाऱ्या संस्थेचे असतात, म्हणून ते आणि पासपोर्ट देणारी सध्याची संस्था यांचा मेळ बसत नसेल तर आधी दुसरा कागद झाला होता का, हे विचारावे. चिपेचा क्रमांकही 15 अंकीच असल्याने हे दोन आकडे एकमेकांत मिसळण्याची चूक सहज होते. वैद्यकीय उपचारांचे पान मात्र डॉक्टरांनी नीट वाचून दाखवले. घोडीला पूर्वी फिनाइलब्युटाझोन दिल्याची आणि त्यामुळे ती मांसासाठी कायमची बाद असल्याची नोंद तेथे होती. आम्हाला त्या बाजूने काही फरक पडत नव्हता, पण हे औषध सहसा सांधेदुखीसाठी देतात, तेव्हा लंगडण्याबद्दल कोणता प्रश्न विचारायचा ते त्या नोंदीने सुचवले.

आता तक्रार. दोन दिवसांत मिळणार होता तो अहवाल आठव्या दिवशी आला, आणि त्यात चिपेच्या क्रमांकातील अकरावा आणि बारावा अंक उलटे पडले होते. क्रमांक यंत्रातून थेट न घेता कोणीतरी हाताने टाइप केला होता. चिप जेव्हा यंत्राशी बोलते तेव्हा त्या संदेशात चूक पकडण्याची सोय असते, पण माणूस पंधरा अंक कागदावर उतरवतो तेव्हा त्यात चूक पकडणारा अंक नसतो. उलटा पडलेला क्रमांकही तितकाच खरा दिसतो. मी तो पासपोर्टाशी ताडून पाहिला म्हणून सापडला. तसाच विमा कंपनीकडे गेला असता, तर दाव्याच्या वेळी ही घोडी ती नव्हेच, असे ऐकावे लागले असते. दवाखान्याने त्याच दिवशी दुरुस्त प्रत पाठवली आणि दिलगिरीही व्यक्त केली, परंतु ओळख पटवण्याच्या सेवेने ओळखक्रमांकच चुकवावा, याला किरकोळ चूक म्हणता येत नाही. यंत्राच्या पडद्याचा फोटो अहवालाला जोडण्याची मागणी मी केली, तेव्हा ‘पुढच्या वेळेपासून’ असे उत्तर मिळाले. अशी सेवा घेणाऱ्याने तो फोटो जागेवरच स्वतः काढून ठेवावा.

सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देते. त्यातले तीन त्या भिजवलेल्या पायाचे आणि दातांचे आहेत, अर्धा नोंदणीच्या चौकशीचा. कापलेला दीड घाईने फिरवलेल्या यंत्राचा आणि उलट्या अंकांचा. जन्मापासून कागदपत्रे असलेल्या, एकाच घरात वाढलेल्या तरुण घोड्यासाठी ही स्वतंत्र तपासणी घेण्याची गरज मला दिसत नाही. नेहमीच्या आरोग्य तपासणीतील ओळखीचा भाग पुरेसा होतो. पण प्रौढपणी चिप बसलेली, दोनतीन मालक पाहिलेली आणि रंगाने सब्जा अशी पोनी असेल, तर ही फी वसूल होते. चिप नसलेली पोनी घ्यायची वेळ आली, तर ती विक्रीपूर्वी आणि विक्रेत्याच्या नावावरच बसवून घ्यावी, आणि बसवण्याआधी सबंध मान नीट वाचून घ्यावी, असे डॉक्टर जाताना सांगून गेले.

घोडी आम्ही घेतली. वीस वर्षांची धरून किंमत नव्याने ठरली, आणि बाईंनी ती फार ओढाताण न करता मान्य केली. लेकीला वयाचे काहीच वाटले नाही. तिला फक्त एवढेच हवे होते की बादली आणून पाय पुन्हा भिजवावा आणि ती गुलाबी रेषा तिला दाखवावी. दुरुस्त अहवाल पासपोर्टाच्या मागच्या खिशात घडी करून ठेवला आहे. पासपोर्टातील जन्मवर्ष बदलता येईल का, किंवा निदान त्याच्यापुढे ‘अंदाजे’ असा शब्द घालता येईल का, असे विचारणारे पत्र मी संस्थेला पाठवले आहे, आणि उत्तर अजून यायचे आहे.